पाटावर कुणी बसायचं

गवराबाईच्या पायांवर निम्मी पिंपरी न्हाली आहे, असं ती स्वतःच सांगायची. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. तालमीतून अंगाला माती लावून येणारा एखादा गडी वाटेत दिसला की ती त्याला चारचौघांत थांबवायची. "मिशा लई पिळू नगंस. माझ्या नडग्यांवर पालथा पडून कसा भोकाड पसरायचास, समदं ध्यानात हाय माझ्या." गडी खाली मान घालून सटकायचा आणि गवराबाई मिश्रीनं काळे झालेले दात दाखवून मनसोक्त हसायची. जिभेला तिच्या हाड नव्हतंच. हाताला मात्र असा काही गुण होता, की जन्मल्यापासून रडणारं पोर तिच्या पायांवर आलं की दुसऱ्या तांब्याला गप्प व्हायचं.

घरात बाळंतीण असली की सकाळी आठच्या सुमाराला ती यायची. न्हाणीत पाट मांडायचा, त्यावर बसून दोन्ही पाय समोर लांब करायचे, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायचं आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाला आधी पालथं, मग उताणं घ्यायचं. तेल, डाळीचं पीठ, हळद आणि मग कढत पाणी. ते पाणी तापवून, त्यात गार पाण्याचं विसण घालून, तांब्या तांब्यानं अंगावर सोडायला दुसरं माणूस लागतं. म्हणजे कामं दोन झाली. एकीनं पाटावर बसायचं, दुसरीनं पाणी घालायचं. घरोघर हे असंच चालतं आणि त्यात विशेष ते काय, असं कुणालाही वाटेल. गवराबाईला मात्र त्या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक दिसायचा.

म्हणून तिचा एक नियम होता. पहिलटकरीण असली तर बारा दिवस गवराबाई पाटावर. त्यानंतर बाळंतिणीनं उठून पाणी घालायचं. आणि सव्वा महिना भरायच्या आत बाळंतिणीनं पाटावर बसायचं, पाणी गवराबाई घालणार. जुन्या घरांतल्या बायका यावर नाकं मुरडायच्या. "तुला बोलावलं कशाला मग? बाळंतिणीला आराम द्यायला, का कामाला जुंपायला?" गवराबाई म्हणायची, "आराम बाजंवर घेऊ द्या की खुशाल. पाटावर बसायला तिला काय खडी फोडायचीय?" कुणी अगदीच ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती जायचीच नाही. मग तिसऱ्या दिवशी घरचा कुणीतरी तिच्या दारात येऊन उभा राहायचा, कारण पोर रडून घर डोक्यावर घ्यायचं. या नियमाचं कारण मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. पिंपरीच्या माळावर, जिथं आधी गुरं चरायची, तिथं नवा कारखाना उभा राहिला होता. बाहेरगावाहून माणसं येत होती, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा वाढत होत्या, आणि गवराबाईपुढं एक नव्याच तऱ्हेची बाळंतीण येऊ लागली होती. तोवर तिच्या हाताखालच्या पहिलटकरणी म्हणजे गावातल्या माहेरवाशिणी. आई, काकू, आजी अशा चार बायका भोवती, आणि त्यांच्या सल्ल्यांनी त्या पोरीच्या नाकी नऊ आलेले. या नव्या पोरींना सल्ला द्यायलाच कुणी नव्हतं. माहेर लांब, सासर लांब. नवरा, एक खोली, आणि दिवसातून पाचदा होणारा भोंगा.

शालन त्यांतलीच. सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातली, एकोणीस वर्षांची, सातवी पास. आई ती लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपणाला जायला माहेर नव्हतं. सासूही नव्हती. नवरा ज्योतीराम कारखान्यात कामाला. त्याला लहानाचा मोठा केला त्याच्या थोरल्या बहिणीनं, रुक्मिणीबाईनं. तिला दोघं आक्का म्हणत. आक्काला मूलबाळ नव्हतं, आणि सुगीचे दिवस, त्यामुळं तिलाही लगेच येता आलं नाही. शालन पुण्याच्या एका दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, आणि सहाव्या दिवशी ती कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन पिंपरीच्या खोलीत आली. ज्योतीराम त्याच संध्याकाळी गवराबाईच्या दारात. "मावशी, आमच्या घरात बाईमाणूस कुणीच नाही हो."

"आता हाय," गवराबाई म्हणाली आणि पायांत वहाणा घातल्या.

शालनला बाळाची भीतीच वाटायची. मान अशी लटलट का करते? हात कुठं घालायचा? न्हाणीत गवराबाईनं पोरीला पालथी घातली की शालन तोंड फिरवायची. तिला सारं शिकायचं होतं, पण कागदावरून. दवाखान्यातल्या नर्सनं तिला एक चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी शालननं देवाच्या तसबिरीमागं खोचून ठेवली होती आणि दिवसातून दोनदा काढून वाचायची. गवराबाईला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं त्या कागदावर काय आहे याची तिनं चौकशी केली नाही. ती आपली दुसऱ्याच गोष्टीवरून रोज चिडायची. बाळंतिणीच्या कानांत वारं जाऊ नये म्हणून ती शालनच्या डोक्याला फडकं घट्ट बांधून जायची, आणि दुसऱ्या दिवशी यावं तर डावा कान उघडा.

"अगं, वारं शिरंल! म्हातारपनी बहिरी झालीस म्हंजे माझ्या नावानं बोटं मोडशील."

शालन मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा कान उघडा.

बाळाचं नाव अजून ठेवलं नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून बारसं आक्का येईपर्यंत थांबवलं होतं. तोवर गवराबाई तिला वाटेल ते म्हणायची, भवाने, ठमे, आवदसे. पण ठमी काही बाळसं धरत नव्हती. दोन आठवडे झाले तरी मांड्यांना वळी पडेना. गवराबाईनं आधी वाऱ्यावर ठपका ठेवला, मग शालनच्या खाण्यावर. अळिवाची खीर करून आणली, डिंकाचे लाडू आणले, बाळंतशेपा आणल्या. शालन सगळं मुकाट्यानं खायची. दूध तर उतू जात होतं, चोळ्या भिजत होत्या. मग पोर अशी का?

दसरा उजाडला. गवराबाईनं दाराला तोरण लावलं आणि रोजच्यापेक्षा थोडी उशिराच ती शालनकडं गेली. रस्त्यावरूनच बाळाचं रडणं ऐकू आलं. रडणंही आता दमलेलं, घशातून निघणारं. ज्योतीराम पहाटेच कारखान्यात गेला होता. यंत्रांची पूजा होती, झेंडूच्या माळा लावायच्या होत्या. आत शालन भिंतीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर, चोळी दुधानं भिजून चिंब, डावा कान उघडा आणि तो कान माळाच्या दिशेला वळवलेला.

"अगं, पाज की तिला!"

"भोंगा झाला नाही अजून," शालन म्हणाली.

गवराबाईला काही कळेना. भोंग्याचा आणि पाजण्याचा काय संबंध? मग रडत रडत शालननं सांगितलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, दर चार तासांनी पाजा, अधेमधे पाजू नका, पोट बिघडतं. घरात घड्याळ एकच, ते ज्योतीरामच्या मनगटावर, त्याच्याबरोबर कामावर जायचं. मग तिनं भोंग्यांचा हिशेब बसवला. सकाळी सहाला पाळी बदलल्याचा, दहाला जेवणाच्या सुट्टीचा, दोनला पुन्हा पाळीचा, मग सहाला, मग दहाला. बरोब्बर चार चार तास. देवानंच सोय केली असं तिला वाटलं होतं. भोंगा चुकू नये म्हणून कान उघडा ठेवायचा. बाळ कितीही रडलं तरी भोंग्याची वाट बघायची. रात्री दहानंतर तर सकाळी सहापर्यंत काहीच नाही. आणि आज सहाचा भोंगा झालाच नव्हता.

"मला वाटलं, झाला असेल आणि मलाच ऐकू आला नसेल. मग दहाच्या भोंग्यापर्यंत थांबायला हवं ना?"

रविवारीही चालणारा कारखाना दसऱ्याला मात्र बंद असतो, भोंगा वाजवणारा घरी बसून पुरणपोळी खातो, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातली ती नर्सही वाईट बाई नव्हती. तिला तीस बाळंतिणी सांभाळायच्या, तिनं पुस्तकात होतं ते सांगितलं. पण गवराबाईचा पारा चढायचा तो चढलाच.

"कारखाना बाळंत झालाय व्हय गं? त्याला काय ठावं तुझ्या लेकीची भूक? तिच्या तोंडाकडं बघ. मूठ चोखतीय, मान फिरवून हुडकतीय. ह्यो तिचा भोंगा. ह्यो कधी सुट्टी घेत न्हाई."

बाळ पदराखाली गेलं आणि रडणं थांबलं. गटागटा प्यायल्याचा आवाज तेवढा येत राहिला. गवराबाई उंबऱ्यात मटकन बसली. तिचा राग आता स्वतःवर होता. रोज हा उघडा कान दिसत होता, रोज ती भुकेली पोर पायांवर घेत होती, आणि आपण बाळंतशेपा आणत बसलो. इतकी वर्षं बाळं न्हाऊ घालून काय उजेड पाडला, असं तिला वाटलं आणि लाजही वाटली.

"शालन, माझं चुकलं गं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून निम्म्या पिंपरीनं कधी ऐकले नव्हते.

तेव्हा शालननं दुसरी गोष्ट सांगितली. पाच दिवसांपूर्वी तिनं आक्काला पत्र टाकलं होतं. ज्योतीरामला न विचारता. "मला हे जमणार नाही. माझ्या हातून बाळाचं काहीतरी होईल. तुम्ही यांना वाढवलंत, तुमच्या हातात गुण आहे. तुम्हाला मूल नाही. ही तुमच्या ओटीत घालते, घेऊन जा." आक्काच्या घरी गाय होती, शेळ्या होत्या, दुधाची अडचण नव्हती. आक्काचं कार्डही आलं होतं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी येते, लागतं ते सगळं घेऊन येते. ज्योतीरामनं ते वाचलं आणि बहीण दिवाळीला येणार म्हणून तो खूश झाला.

दिवाळीला जेमतेम अठरा दिवस होते.

"तुझ्या मनात काय हाय?"

"माझ्या मनाला कोण विचारतं? ती उपाशी होती आणि मला कळलं नाही. तिच्या आईलाच कळलं नाही." शालन खाली बघून बोलत होती. "आक्काकडं ती जगेल तरी."

गवराबाईनं उपदेश केला नाही. चिठ्ठी फाडली नाही. ज्योतीरामच्या कानावरही ही गोष्ट घातली नाही, कारण ही गाठ पोरीनंच बांधली होती आणि तिनंच सोडवायची होती. तिनं फक्त फडकं घेतलं आणि शालनचा डावा कान घट्ट बांधून टाकला.

दोन दिवसांनी न्हाणीत शालन पाणी घालत होती, गवराबाई पाटावर होती, तेवढ्यात दारात एक उंच तरणा गडी येऊन उभा राहिला.

"वैनी, किल्ली कुठं ठेवलीस?"

"ओ! कोनाड्यात हाय बघ, दिव्याखाली. भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घे."

तो गेला. शालननं विचारलं, "धाकटे दीर का, मावशी?"

"ल्योक हाय माझा. दादू." गवराबाई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शालनच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मग गवराबाई बोलली. आजवर कुणाला न सांगितलेलं ती त्या न्हाणीत, त्या परगावच्या पोरीला सांगून मोकळी झाली.

"सोळा वर्साची व्हते मी. दोन दीर ल्हान, त्ये मला वैनी म्हनायचे. सासू लई भली. तानाबाई नाव तिचं. कधी टाकून बोलली न्हाई मला. दादू झाला तवा म्हनली, तुझं हात कवळं हाईत, पोर निसटंल, पाटावर मी बसते, तू पानी घाल. मी घातलं. मग म्हनली, तू नीज, पोर माझ्यापाशी राहू दे. मी निजले. मला बी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? भीती व्हतीच मला, तुझ्यावानी. आज बसू, उद्या बसू म्हनत ऱ्हायले, आनि पानीच घालत ऱ्हायले. तीन वर्सं." तिनं बाळाची मान सावरली. "एक दिस अंगनात दादू पडला. गुडघा फुटला. आई आई करत पळत आला. मी हात पसरलं. त्यो माझ्या हाताखालनं निसटून पार तिच्याकडं गेला. घरात समदी तिला आई म्हनायची, मला वैनी. त्यानं काय वेगळं म्हनायचं?"

"आता मोठे झाले ना. आता तरी..."

"चोवीस वर्साचा झाला. जीव टाकतो माझ्यावर. मला ताप आला तर कामावर जात न्हाई. पर तोंडाला वळन लागलं त्ये लागलं. आनि मी बी ओ देते की, वैनी म्हनला तरी." गवराबाईनं बाळाला उताणं केलं. "घाल पानी. गार व्हतंय."

शालननं पाणी घातलं. त्या दिवशी तिनं तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पाटावर बसली. पाय लांब केले, पण ते इतके थरथरत होते की गवराबाईला हसू आलं. बाळ पायांवर घेतलं, तेल लावलं, आणि कुशीवर वळवताना तेलकट अंग सुळकन घसरलं. गवराबाईचा हात पुढं आला नाही. तो आणू नये म्हणून तिनं मूठ आवळून मांडीखाली दाबून धरली होती. बाळ शालननंच सावरलं, पोटरीशी, वेळेवर. पण पुढचे चार दिवस तिनं पाटाकडं बघायचंही नाव काढलं नाही. गवराबाईनं तिला शिव्याही दिल्या नाहीत, आणि गवराबाईच्या शिव्या बंद झाल्या की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

पाचव्या दिवशी शालन आपण होऊन बसली. मग एक दिवस आड. बाळानं मात्र आता झपाट्यानं बाळसं धरलं. मांड्यांना वळ्या पडल्या, गाल वर आले. शालन आता भोंग्याकडं लक्षच द्यायची नाही. कधी गवराबाईलाच विचारायची, "दहाचा झाला का हो?" आणि गवराबाई म्हणायची, "मला काय ठावं, मी काय साहेब हाय?" पण पाटावर ती बसायची तेव्हा गवराबाईचा एक हात बाळाच्या मानेखाली असायचाच. हा हात काढू का, असं गवराबाईनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शालन नको म्हणाली.

आक्का आली ती धनत्रयोदशीला, संध्याकाळच्या एस.टी.नं. ठेंगणी, काटक, बोलायला गोड. बोचक्यातून एक एक वस्तू निघाली. नवं टोपडं, चांदीचे वाळे, मऊ जुन्या लुगड्यांची बाळोती, आणि शेवटी एक पितळी बोंडलं, बाळाला दूध पाजायचं, चिंच लावून लखलखीत घासलेलं. ते बघून ज्योतीराम हसला. "आक्का, हे कशाला? बाळाला आईचं दूध आहे की." आक्कानं शालनकडं बघितलं. शालननं मान खाली घातली. गवराबाई कोपऱ्यात बसून हे बघत होती. निघताना तिनं शालनला हळूच विचारलं, "मग?"

"ठाऊक नाही मावशी," शालन म्हणाली. "त्यांचा चेहरा बघितलात? किती हौसेनं आल्यात. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

दिवाळीची पहिली आंघोळ उजाडायच्या आधी करायची. गवराबाई पोचली तेव्हा खोल्यांसमोर पणत्या लागल्या होत्या. ज्योतीराम बाहेर चुलवणाला लाकडं घालत होता. न्हाणीत पाट मांडलेला होता आणि आक्कानं लुगडं वर खोचून घेतलं होतं. तिच्या तोंडावर असा आनंद होता की गवराबाईला तिचा राग येईना. आयुष्यभर वाट बघून तिच्या वाट्याला हा पाट आला होता.

"आण गं बाळ हिकडं," आक्का म्हणाली. "पहिली आंघोळ तिची. मी घालते."

शालन बाळ घेऊन दारात उभी राहिली. तिनं गवराबाईकडं बघितलं. गवराबाईला बोलायला शंभर शब्द सुचत होते, पण तिनं ते सगळे गिळले आणि हंड्याकडं बघत राहिली. बाळ कुरकुरलं. शालननं त्याच्याकडं बघितलं. मूठ तोंडात होती, पण चोखत नव्हती. म्हणजे भूक नाही, नुसती झोपमोड. हे आपल्याला न विचारता कळलं, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ती पुढं झाली.

"आक्का, पाटावर मी बसते. तुम्ही पाणी घाला."

"तू?" आक्का म्हणाली.

"व्हय. मी."

आक्कानं खोचलेलं लुगडं सोडलं. मग बाजूला सरकली. शालन पाटावर बसली, पाय लांब केले. पाय थरथरत होते, पण बाळ त्यांच्यामध्ये नीट बसलं. तेल झालं, उटणं झालं. मानेखाली हात तिचा एकटीचाच होता. आक्कानं तांब्या भरला. शालननं त्यातलं थोडं पाणी कोपरावर घेऊन बघितलं.

"थोडं विसण घाला, आक्का. तिला इतकं कढत सोसत नाही."

आणि आक्कानं, जिनं ज्योतीरामला लहानाचा मोठा केला होता त्या आक्कानं, मुकाट्यानं विसण घातलं. पहिल्या तांब्याला बाळ किंचाळलं. "गप गं भवाने," शालन म्हणाली, "दिवाळी हाय आज." दुसऱ्या तांब्याला बाळ गप्प झालं. गवराबाईला रडू फुटलं, आणि चुलवणाच्या धुराला चार शिव्या हासडून तिनं डोळे पुसले.

बाळ पुसून, धुरी देऊन, टोपडं घालून झालं, तेव्हा आक्का उंबऱ्यात बसली होती.

"तू लिवलंस तवा मी देवीला नारळ फोडला व्हता," ती म्हणाली. "पाळणा बी टांगून आले."

शालन तिच्या पायांशी बसली. "चुकलं माझं आक्का. मी घाबरले होते. पण नाही देववत मला."

"चुकलं तर खरं. आशा लावू नये अशी." आक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बारसं केलं न्हाईस न्हवं? त्यो मान तरी ठेवलास माझा?"

पाडव्याला बारसं झालं. आक्कानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, इंदू, आणि रिवाजाप्रमाणं साऱ्यांनी आक्काच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा धपाटा गवराबाईचा होता. भाऊबीज झाल्यावर आक्का निघाली. तिचं बोचकं घेऊन गवराबाई एस.टी.पर्यंत गेली. गाडीची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या. मग आक्कानं बोचक्यातून बोंडलं काढलं.

"हे तुमच्यापाशी ठेवा. कुना बाळंतिनीला दूध नसलं तर उपेगाला येईल."

"माझ्यावर राग हाय न्हवं तुमचा?" गवराबाईनं विचारलं.

"थोडा हाय," आक्का म्हणाली. "जाईल. तुमाला पोरं किती?"

"एक. दादू."

"नशीबवान हाय तुमी."

"व्हय," गवराबाई म्हणाली. "दर दिवाळीला येत जावा. पोरीला आत्या लागती." आक्कानं मान हलवली आणि गाडीत चढली.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी गवराबाई शालनच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. इंदू तिच्या मांडीवर. आता ती सरकत, रांगत सगळीकडं जायची, गवराबाईची मिश्रीची डबी पळवायची. शालन आत भाकऱ्या थापत होती. इंदू मांडीवरून उतरली, उंबऱ्याला धरून उभी राहिली, आतल्या अंधारात बघितलं आणि तिनं स्पष्ट हाक मारली, "आई."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. शालन पिठाच्या हातानं बाहेर आली. इंदूकडं बघायच्या आधी तिची नजर गवराबाईकडं गेली. तिला त्या दिवशीची न्हाणी आठवली असणार. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणासाठी, ते गवराबाईला चांगलं कळलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" गवराबाई खेकसली. "हाक तुला मारलीय तिनं. ओ दे की."

"ओ," शालन म्हणाली. तिनं इंदूला उचलून घेतलं, पिठासकट.

माळावर सहाचा भोंगा झाला. त्या खोलीत कुणी तो ऐकला नाही. थोड्या वेळानं रस्त्यावरून कामावरून सुटलेली माणसं येऊ लागली आणि त्यांच्यातून दादूची मोठी हाक आली, "वैनी, चल की गं घरी, भूक लागलीय!"

"ओ! आले रं," गवराबाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.